लोकवन द्या, सिहोर द्या... पण जात कोणती?

उन्हाळा लागला की मार्केट यार्डच्या भुसार बाजारात एक चक्कर माराच. वर्षाचा गहू भरायला आलेल्या गिऱ्हाइकाचे प्रश्न तीनच. लोकवन काय भाव? सिहोर काय भाव? आणि चपाती मऊ होते ना? दाणा तळहातावर घ्यायचा, चमक बघायची, एखादा दाताखाली फोडायचा. झाली पारख!

आता गंमत ऐका. सिहोर हा मध्य प्रदेशातला जिल्हा, ती जातच नव्हे. आणि लोकवनचा जंगलाशी काही संबंध नाही. तो 'लोक-वन', म्हणजे लोक-१. भावनगर जिल्ह्यातल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत झवेरभाई पटेलांनी काढलेला वाण. त्याच्या आईबापांत एक सोनालिका, म्हणजे मेक्सिकोहून आलेल्या बुटक्या गव्हाचा वंश. आपण ज्याला 'जुना गावरान' म्हणून मिरवतो त्याचं आजोळ हे.

आजोळाबद्दल माझी तक्रार नाही. १९६६ साली मेक्सिकोचं १८ हजार टन बियाणं आलं नसतं तर आपल्या आधीच्या पिढीचे काय हाल झाले असते, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. तक्रार अशी की चाळीस वर्षं झाली तरी बाजार त्याच एका नावावर अडून बसलाय. लोक-१ तांबेऱ्याला बळी पडतो, हे गव्हाच्या शास्त्रज्ञांना केव्हाचं माहीत आहे. निफाडच्या केंद्रानं त्र्यंबक, तपोवन, नेत्रावती दिले. इथं पुण्यातच आघारकर संस्थेनं एमएसीएस ६२२२, ६४७८ काढले. यातली किती नावं तुम्ही दुकानाच्या पाटीवर वाचलीत? शेतकरी नवा वाण लावतो, पण पोतं गाडीतून उतरेपर्यंत त्याचा 'लोकवन टाइप' झालेला असतो. मग पुढच्या वर्षी त्यानं नवीन काही का लावावं?

आणि खपली! हल्ली शुगरवाल्यांचा गहू म्हणून चढ्या भावानं विकतात ती. सांगली-साताऱ्याकडच्या बायकांनी खिरीसाठी आणि शेवयांसाठी बांधाकडेला सांभाळलेला हा गहू. मळला तरी टरफल सुटत नाही, वेगळा सडावा लागतो, उतारा कमी. म्हणून शेतकऱ्यानं सोडला, त्यात त्याची चूक नाही. पण शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत स्टॅकमन नावाच्या शास्त्रज्ञानं काळ्या तांबेऱ्याच्या जाती ओळखायला जे बारा गहू निवडले, त्यात एक होता 'खपली'. याच नावानं! ऑस्ट्रेलियात वॉटरहाउसनं स्टाइनवेडेल या गव्हाशी तिचा संकर केला, त्याचं नाव खॅपस्टाइन. १९९८-९९ च्या सुमाराला युगांडात यूजी-९९ हा भयंकर तांबेरा सापडला आणि जगातले गव्हाचे बहुतेक वाण त्याच्यापुढे उघडे पडले. त्याच्यापुढे टिकणाऱ्या मोजक्या जनुकांपैकी एसआर-१३ खपलीत आहे. जगानं जिला प्रयोगशाळेत नेलं, तिची आपल्याकडे किंमत काय, तर 'ग्लुटेन कमी असतं म्हणे'.

कोणी म्हणेल, बी दिल्लीच्या जनुक पेढीत सुरक्षित आहे, २०२२ मध्ये राज्यानंही जनुक कोशाला मंजुरी दिली. चांगलंच झालं. पण शीतगृहातल्या बियाला नवा तांबेरा भेटत नाही, की २०२२ च्या मार्चसारखा उन्हाळा भेटत नाही. त्या वर्षी ऐन दाणा भरताना ऊन तापलं, उत्पादन घटलं आणि १३ मे रोजी केंद्रानं गव्हाची निर्यात बंद केली. असं ऊन सोसणारा वाण उद्या पैदा करायचा तर गुण कुठल्या तरी जुन्या गव्हातूनच उचलावा लागणार. तो गहू कोणाच्या तरी रानात उभा असायला हवा, आणि त्याला गिऱ्हाईक असायला हवं.

माझी मागणी साधी आहे. पोत्यावर आणि पावतीवर वाणाचं नाव लिहा. आंब्याला हापूस, पायरी, केशर अशी वेगळी पाटी लागते, भावही वेगळा मिळतो. मग गव्हानं काय घोडं मारलंय?

परवा एका गाळ्यावर मी विचारलंच, "जात कोणती हो ही?" शेजारी पोतं शिवणारा हमाल हसला. शेठ म्हणाले, "लोकवनच आहे साहेब, बिनधास्त न्या."