घाईची किंमत

"संगणकास नवें 'अपडेट' दिल्यापासून तो मंदावला, तें काढून टाकावें काय?" असा प्रश्न हल्लीं पुष्कळ घरांतून निघतो. प्रश्न साधा दिसला तरी बँकेचे व्यवहार व खासगी पत्रें यांची सुरक्षितता त्याच्याशीं निगडित असल्यामुळें त्याचा विचार येथें करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

आमच्या छत्रपति संभाजीनगरानजीकच्या देवगिरीची एक कथा या कामीं उपयोगी पडेल. इ. स. १२९६ मध्यें अल्लाउद्दीन खिलजी अकस्मात् चालून आला, तेव्हां रामदेवरायाच्या लोकांनीं धान्याच्या म्हणून ज्या गोणी घाईघाईनें किल्ल्यांत नेल्या, त्यांत पुढें मीठ निघालें, असें फेरिश्त्यानें लिहून ठेविलें आहे. आधीं काम व मागाहून तपासणी, हा क्रम किती महाग पडतो हें यावरून दिसतें.

आजचा प्रोसेसर हाच क्रम पाळतो. मेमरींतून माहिती येईपर्यंत स्वस्थ बसणें त्यास परवडत नाहीं. म्हणून पुढें काय लागेल याचा अंदाज बांधून तो काम आधींच उरकून ठेवितो. अंदाज चुकला, अथवा ती माहिती पाहण्याची परवानगी नाहीं असें ठरलें, कीं तें टाकून देतो. परंतु त्याची खूण जवळच्या लहानशा साठ्यांत, म्हणजे कॅशमध्यें, मागें राहते. डबा किती लवकर हातीं आला यावरून तो ओट्यावर होता कीं माळ्यावर, हें जसें ओळखतां येतें, तसाच वेळ मोजून चोर गुप्त मजकूर ताडूं शकतो.

'मेल्टडाउन' व 'स्पेक्टर' या नांवांचे हे दोष ३ जानेवारी २०१८ रोजीं जाहीर झाले. पहिल्याचा उपद्रव मुख्यतः इंटेलच्या प्रोसेसरांस होता. दुसरा इतर कंपन्यांच्या प्रोसेसरांतही सांपडला. मेल्टडाउनवर उपाय म्हणून कार्यप्रणालीची मेमरी इतर प्रोग्रामांपासून अलग करण्यांत आली. त्यामुळें प्रोग्रामास कार्यप्रणालीकडून काम करवून घेतांना दर खेपेस जास्तीचे सोपस्कार पडूं लागले. इंटेलनें त्या वेळीं दिलेल्या आंकड्यांप्रमाणें आठव्या पिढीच्या प्रोसेसरांचा वेग शेकडा ६ पर्यंत, तर सहाव्या पिढीच्यांचा सुमारें शेकडा ८ घटला. त्याहून जुन्या यंत्रांस मंदपणा अधिक जाणवेल, असें मायक्रोसॉफ्टनेंही कळविलें. ऑगस्ट २०२३ मध्यें 'डाउनफॉल' हा याच जातीचा दोष उघडकीस आला. त्याच्या दुरुस्तीनें विशिष्ट कामांत शेकडा ५० पर्यंत फटका बसूं शकेल, असें इंटेलनेंच सांगितलें.

हा भुर्दंड ग्राहकानें सोसावा, हें न्यायाचें नाहीं. जो वेग दाखवून माल विकला, त्यांतील कांहीं भाग न केलेल्या तपासणीचा होता. ज्याच्या घरीं जुनेंच यंत्र आहे, त्यास तर हा भार सर्वांत जड.

तरीही अपडेट काढूं नये, असेंच आमचें मत आहे. इंटरनेटवरील पान उघडलें कीं परक्याचा प्रोग्राम आपल्या यंत्रावर चालतो. शिवाय एका दुरुस्तीबरोबर इतर अनेक दुरुस्त्याही निघून जातात. मंदपणा असह्य झाल्यास अनावश्यक प्रोग्राम काढावे, ब्राउझर अद्ययावत् ठेवावा, आणि ज्या यंत्रास दुरुस्त्या मिळेनाशा झाल्या आहेत, त्यावर पैशाचे व्यवहार करूं नयेत. चार क्षण अधिक थांबावें लागलें तरी चालेल. गोण मात्र उघडून पाहावी.