नांव तेंच, यंत्र नवें

पाणिनीय व्याकरण शिकलेल्यांस 'स्थानी' व 'आदेश' हे शब्द परिचित आहेत. एकाच्या जागीं दुसरा येतो, तेव्हां येणारा तो आदेश मूळ स्थान्यासारखाच मानावा, असा पाणिनीचा दंडक आहे. कचेरींतील जुना फाइल सर्व्हर बदलण्याचें मर्म आमच्या मतें याच नियमांत आहे.

फाइल सर्व्हर म्हणजे कचेरीचें सामाईक दप्तर. पत्रें, बिलें, पगारपत्रकें एका यंत्रांत ठेवावयाचीं व ज्यानें त्यानें आपल्या टेबलावरून काढावयाचीं. आमच्या वाचकांच्या घरांतून असें दप्तर वापरणारे पुष्कळ; कित्येकांच्या माथीं तें सांभाळण्याचेंही काम असतें.

चालतें आहे तोंवर चालूं द्यावें, असें मालक म्हणतात. परंतु विंडोज सर्व्हर २०१२ ची नित्याची डागडुजी १० ऑक्टोबर २०२३ रोजीं बंद झाली. डागडुजी न झालेल्या यंत्रांचें काय होतें, हें मे २०१७ मध्यें 'वॅनाक्राय'नें दाखविलें. फाइली वांटून घेण्याच्या जुन्या पद्धतींतील छिद्रांतून तो शिरला व इंग्लंडांतील इस्पितळांच्याही फाइली त्यानें कुलूपबंद केल्या. छिद्र बुजविण्याचा उपाय मार्चमध्येंच निघाला होता.

म्हणून बदल करावा. मात्र काम करणाऱ्या मंडळींस त्याची झळ पोहोंचूं नये. प्रथम यादी करावी: कोणते फोल्डर, कोणास कोणता अधिकार, कोणतें यंत्र मुकाट्यानें तेथें कागद टाकतें. स्कॅनर हटकून विसरला जातो. मग जुना सर्व्हर चालू असतांनाच नक्कल सुरू करावी. विंडोजमधील 'रोबोकॉपी' अधिकारांसह नक्कल करूं शकते. पहिल्या खेपेस वेळ लागतो, पुढें बदललेल्या फाइलीच जातात. शनिवारीं सायंकाळीं हिशेबाचे प्रोग्राम बंद करवून, जुन्यांतील लिखाण थांबवून, शेवटची खेप उरकावी.

नंतर जुनें नांव नव्यास द्यावें. मंडळी यंत्रास ओळखीत नाहींत, नांवास ओळखतात. पूर्वींपासून 'डीएफएस नेमस्पेस' असेल, तर नांव कायम ठेवून मागील यंत्र तेवढें बदलतां येतें.

तथापि पाणिनीनें अपवादही सांगितला आहे: मूळ वर्णावरच अवलंबून असणाऱ्या कार्यापुरता आदेश स्थान्यासारखा मानूं नये. येथेंही तसेंच. ज्या प्रोग्रामांत नांवाऐवजीं जुन्या यंत्राचा अंकी पत्ता लिहिलेला असतो, त्यास नांवाचा उपयोग नाहीं. जुन्या यंत्रापुरतेच नोंदलेले वापरकर्तेही नव्यास अनोळखी असतात. हीं स्थळें आधींच शोधावीं.

आणखी एक धोका. तंतोतंत प्रतिबिंबाची आज्ञा दिली असतां रोबोकॉपी, मुळांत नसलेल्या फाइली नकलेंतून पुसून टाकते. रात्रीं आपोआप चालणारी ती आज्ञा काढावयाची राहिली, तर सोमवारीं नव्यांत लिहिलेलें मंगळवारीं सांपडत नाहीं. शेवटची खेप होतांच ती काढावी, आणि जुना सर्व्हर बंद करून, न पुसतां, निदान महिनाभर जपावा. परतीची वाट तीच.

हें काम उत्तम झालें, तर सोमवारीं कोणास कळतही नाहीं; बिघडलें तरच कर्त्याचें नांव निघतें. तेव्हां आमच्या वाचकांनीं शनिवारीं रात्रीं उशीरां परतणाऱ्या मुलाचें अगर सुनेचें पान झांकून ठेवावें, आणि निदान घरच्यांनीं तरी "झालें का नीट?" असें आपुलकीनें विचारावें.