सीडी रिप केल्यावर उरलेली टेंप फाइल डिलीट होत नाहीये? थांबा, आधी ती खरंच कचरा आहे का ते बघा

मागच्या महिन्यात आत्याचा फोन आला. "अरे, जुना लॅपटॉप भंगारात द्यायचाय. त्याआधी आबांच्या सीडी मोबाइलमध्ये घालून दे."

आबा म्हणजे माझे आजोबा. त्यांच्या भजनी मंडळाचं सप्ताहातलं गाणं गावातल्या फोटो स्टुडिओवाल्याने २००७ साली रेकॉर्ड करून सीडीवर दिलं होतं. ते कुठल्याच ॲपवर नाही, यूट्यूबवरही नाही. आबा आता नाहीत, मंडळातले बरेच जण नाहीत. जे आहे ते त्या एका सीडीवर.

आठ ट्रॅक नीट निघाले, नवव्यावर प्रोग्रॅम अडकला. मी तो बंद केला. फोल्डरमध्ये एक विचित्र नावाची टेंप फाइल उरली. डिलीट केली तर विंडोज म्हणतं, फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे. आपला पहिला विचार काय असतो? ही घाण कशी घालवू! माझाही तोच होता. सुदैवाने ती लगेच डिलीट झाली नाही.

हा प्रश्न आत्ताच का येतोय?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरातले जुने लॅपटॉप विंडोज ११ च्या अटीत बसत नाहीत, कारण त्याला टीपीएम २.० आणि नवा प्रोसेसर लागतो. म्हणून ते विकले जातायत किंवा भंगारात जातायत. नेमक्या याच लॅपटॉपमध्ये सीडी ड्राइव्ह आहे. म्हणजे अनेक घरांमधला शेवटचा सीडी ड्राइव्ह आत्ता घराबाहेर पडतोय.

"पण गाणी तर ॲपवर असतात ना?" असतात, पण करार असेपर्यंत. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून गायब झाली होती, कारण दोघांचा करार संपला. रेसो भारतात जानेवारी २०२४ च्या शेवटी बंद झालं. त्याच वर्षी एअरटेलने विंक म्युझिक गुंडाळलं. चित्रपटाचं गाणं निदान दुसऱ्या ॲपवर सापडतं. स्टुडिओवाल्याने बनवलेली सीडी मात्र कुठेच सापडत नाही. त्यात ती घरी 'राइट' केलेली सीडी असते. तिच्यातली माहिती रंगाच्या थरावर असते आणि तो थर ऊन, उष्णता, दमटपणा यांनी खराब होतो. त्यामुळे घाई आहे, पण घाईतच चूक होते.

रिप करताना आत काय चालतं?

ऑडिओ सीडीवर गाण्यांच्या फाइल्स नसतातच. कॉम्प्युटरमध्ये दिसणाऱ्या सीडीए फाइल्स फक्त ४४ बाइटच्या असतात. 'अमुक ट्रॅक इथून सुरू होतो' एवढंच त्या सांगतात. त्या कॉपी-पेस्ट करून पेन ड्राइव्हवर घेतल्या तर हाती काहीच लागत नाही. अनेक जण इथेच फसतात.

खरा आवाज हा आकड्यांचा सलग प्रवाह असतो. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक २ बाइटचा, आणि डावा-उजवा असे दोन चॅनेल. गुणाकार केला की सेकंदाला १,७६,४०० बाइट, म्हणजे मिनिटाला साधारण १०.६ एमबी. रिपिंगचा प्रोग्रॅम हा प्रवाह वाचतो. बरेच प्रोग्रॅम तो आधी एका तात्पुरत्या वेव्ह फाइलमध्ये लिहितात, मग त्याचं एमपी३ किंवा फ्लॅक करतात आणि शेवटी तात्पुरती फाइल पुसतात.

म्हणजे टेंप फाइल उरली याचा सरळ अर्थ, काम शेवटपर्यंत पोचलं नाही. आणि ती डिलीट होत नाही याचा अर्थ बहुतेक वेळा असा, की कोणीतरी ती अजून हातात धरून ठेवली आहे. विंडोजमध्ये एखाद्या प्रोग्रॅमने फाइल उघडताना इतरांना पुसायची मुभा दिली नसेल, तर ती कोणालाच डिलीट करता येत नाही.

धरून कोणी ठेवली आहे?

• रिपिंग प्रोग्रॅमनेच. खिडकी बंद झाली तरी तो मागे चालू असू शकतो. टास्क मॅनेजरमध्ये बघा. एमपी३ बनवणारा भाग कधी कधी वेगळ्या नावाने चालू राहतो, तोही बघा.
• अँटिव्हायरसने. नवी मोठी फाइल दिसली की तो ती तपासायला घेतो. पाच मिनिटं थांबलं की बरेचदा सुटते.
• क्लाउडवर कॉपी पाठवणाऱ्या ॲपने. रिपचं फोल्डर वनड्राइव्हमध्ये असेल तर अर्धवट फाइलही ते वर पाठवू बघतं. रिप करताना सिंक थांबवा.
• म्युझिक प्लेअरने. 'बघू तरी काय आहे' म्हणून आपणच ती वाजवून बघितलेली असते!

नाव नक्की कळत नसेल तर रिसोर्स मॉनिटर उघडा, सीपीयू टॅबमध्ये 'असोसिएटेड हँडल्स'च्या शोधचौकटीत फाइलचं नाव टाका. कोणता प्रोग्रॅम आहे ते समोर येईल. मायक्रोसॉफ्टच्या मोफत पॉवरटॉइजमधलं फाइल लॉकस्मिथ हेच काम राइट-क्लिकवर करतं.

कधी कधी 'एंड टास्क' करूनही प्रोग्रॅम मरत नाही. ओरखडा असलेल्या जागी ड्राइव्ह पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत असतो आणि प्रोग्रॅम त्याच्या उत्तराची वाट बघत अडकलेला असतो. ते उत्तर येईपर्यंत विंडोज त्याला बंद करू शकत नाही. यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह असेल तर केबल काढा, प्रोग्रॅम सुटतो. आतला ड्राइव्ह असेल तर लॅपटॉप रिस्टार्ट करा. शटडाउन नको, रिस्टार्टच. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, झोपवला जातो.

कोणी धरलेली नाही, तरी जात नाही?

मग नाव तपासा. सीडीची माहिती इंटरनेटवरून घेताना गाण्याच्या नावाच्या शेवटी टिंब किंवा मोकळी जागा येते. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररला अशी नावं झेपत नाहीत. सेव्हन-झिपच्या फाइल मॅनेजरमधून ती डिलीट करून बघा. दुसरं कारण लांबी. फोल्डर, अल्बम, गायक, गाणं असा पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या पुढे गेला की अडतं. वरच्या फोल्डरचं नाव छोटं करा, काम होतं.

आता मुद्द्याचं

डिलीट करण्याआधी तीन गोष्टी करा.

पहिली, फाइल कॉपी करा. डिलीट होत नसलेली फाइल अनेकदा कॉपी मात्र होते. तेही होत नसेल तर वर सांगितल्याप्रमाणे प्रोग्रॅम बंद करा आणि तो पुन्हा उघडण्याआधी कॉपी घ्या. काही प्रोग्रॅम पुढच्या वेळी सुरू होताना जुन्या टेंप फाइल्स स्वतःच साफ करतात.

दुसरी, साइज बघा. नवव्या ट्रॅकची लांबी सीडीवर सहा मिनिटं दाखवत होती, म्हणजे पूर्ण फाइल ६३ एमबीच्या आसपास हवी. माझी टेंप फाइल ४२ एमबीची होती. म्हणजे चार मिनिटांचा आवाज आत आलेला होता.

तिसरी, वाजवून बघा. प्लेअरने शून्य सेकंद दाखवलं तर घाबरू नका. वेव्ह फाइलच्या सुरुवातीला सहसा ४४ बाइटचा माथा असतो, त्यात लांबी लिहिलेली असते. प्रोग्रॅम मध्येच बंद पडला तर तो आकडा भरायचा राहून जातो, आवाज मात्र आत असतो. मोफत ऑडासिटीमध्ये इंपोर्टमधून 'रॉ डेटा' निवडा. साइन्ड १६ बिट, लिटल एंडियन, स्टिरिओ, ४४,१०० हर्ट्झ एवढं भरा, आणि सुरुवातीचे ४४ बाइट सोडायला सांगा. ते सोडले नाहीत तर सुरुवातीला एक 'टक' ऐकू येईल, बाकी काही बिघडणार नाही.

मी हे केलं, आणि आबांचा आवाज आला. नंतर तोच ट्रॅक त्या ड्राइव्हवर तीनदा लावला, एकदाही वाचला गेला नाही. ती चार मिनिटं आज फक्त त्या 'कचरा' फाइलमुळे आहेत.

'फोर्स डिलीट' टूलच्या नादी लागू नका

शोधलं की पहिल्या पानावर असली बरीच टूल्स दिसतात. अनोळखी साइटवरचं, ॲडमिन परवानगी मागणारं टूल घेण्याआधी २००५ चा किस्सा आठवा. सोनी बीएमजीने काही म्युझिक सीडींमध्ये कॉपी रोखणारं एक्ससीपी नावाचं सॉफ्टवेअर घातलं होतं. सीडी लावली की ते कॉम्प्युटरमध्ये शिरून स्वतःला लपवायचं. मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाने ते उघड केलं. ते हाताने काढायला गेलं तर सीडी ड्राइव्हच दिसेनासा व्हायचा. कंपनीने काढण्यासाठी जे टूल दिलं, त्यानेच सुरक्षेत नवं भोक पाडलं! शेवटी त्या सीडी बाजारातून परत घ्याव्या लागल्या. म्हणून आधी टास्क मॅनेजर, मग रिस्टार्ट, एवढ्यात शंभरातली बहुतेक प्रकरणं मिटतात.

एक प्रश्न नेहमी येतो, हे कायदेशीर आहे का? कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये खासगी वापरासाठीच्या रास्त वापराला सूट आहे. स्वतःची सीडी स्वतःच्या फोनमध्ये ऐकणं वेगळं आणि तीच टेलिग्राम ग्रुपवर टाकणं वेगळं, एवढा फरक लक्षात ठेवा.

रिप शक्यतो फ्लॅकमध्ये करा. जागा वेव्हच्या साधारण निम्मी लागते, आवाजात काही कमी होत नाही, आणि अँड्रॉइडवर ते थेट वाजतं. एक कॉपी फोनमध्ये, एक दुसरीकडे कुठेतरी ठेवा. सगळे ट्रॅक शेवटपर्यंत ऐकून झाले, की मग ती टेंप फाइल खुशाल उडवा. आणि लॅपटॉप भंगारवाल्याला त्यानंतरच द्या.