नाव घ्यायची, पण कोणती?

बैल घेणारा शेतकरी काय करतो, पाहिलंय ना? दात मोजतो, खूर तपासतो, चार पावलं चालवून बघतो आणि मगच खिशात हात घालतो. शिडाची नौका घेणाऱ्यालाही असंच करावं लागतं. फक्त इथे परीक्षा चुकली तर ते भर समुद्रात कळतं. आता फोंडाघाटात बसून नौकेची चौकशी कशाला, असं विचारू नका हं! देवगडचा रस्ता आपल्या दारावरूनच जातो.

आज आपण दोन नौका शेजारी ठेवून पाहू. दोन्ही मध्यम आकाराच्या, दोन्ही एकट्याने हाकायच्या आणि गंमत म्हणजे दोन्ही एकाच माणसाने हाकलेल्या. तो माणूस म्हणजे अभिलाष टॉमी. नौदलात अधिकारी असताना, २०१२-१३ मध्ये, 'म्हादेई' नौकेतून त्यांनी एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. पुढे त्यांनी 'गोल्डन ग्लोब' शर्यतीत उतरायचं ठरवलं. फ्रान्समधून निघायचं आणि जगाला वळसा घालून तिथेच परत यायचं. वाट शोधायची ती सूर्यतारे पाहून आणि कागदी नकाशे घेऊन. नौका ३२ ते ३६ फुटांची आणि जुन्या धाटणीचीच हवी, असाही नियम.

टॉमींची पहिली नौका 'थुरिया', गोव्यात बांधलेली. ती 'सुहैली' नावाच्या नौकेची प्रतिकृती. सुहैलीचा जन्म तर आपल्या मुंबईतला! १९६०च्या दशकात ती सागवानात बांधली गेली आणि १९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज खलाशाने तिच्यातून ३१२ दिवसांत एकट्याने, न थांबता पृथ्वीला फेरी घातली. जगात ते पहिल्यांदाच घडलं. लांबीला जेमतेम ३२ फूट, पोटाने रुंद, अंगाने जड आणि डोलकाठ्या दोन, असा तिचा थाट.

दोन डोलकाठ्या कशाला? एकट्या माणसाला एक मोठं शीड आवरण्यापेक्षा लहान लहान शिडं आवरणं सोपं. वारा वाढला की एखादं उतरवलं, काम झालं. पण काठ्या दोन म्हणजे दोरखंड जास्त आणि त्यांची देखभालही जास्त. शिवाय समोरून येणाऱ्या वाऱ्यावर वर चढताना अशी नौका जरा मागेच पडते.

लाकडाचंही तसंच. सागवान टिकाऊ खरं, पण फळ्या आल्या की सांधे आले आणि सांधे आले की पाणी आलं. अटलांटिक महासागरात सुहैलीच्या सांध्यांतून पाणी झिरपू लागलं, तेव्हा नॉक्स-जॉन्स्टन यांनी चक्क समुद्रात बुडी मारून त्यांत कापूस ठासला! त्याच वेळी तिथे शार्कही आला होता, बरं का.

दुसरी नौका 'रस्लर ३६'. ही इंग्लंडमधली, १९८०च्या सुमारास आराखडा झालेली. अंग फायबरचं, म्हणजे सांध्यांची कटकट नाही. मालवणला गेलात तर फायबरच्या होड्या दिसतीलच. डोलकाठी एकच. वजन सुमारे साडेसात टन, आणि त्यातले जवळजवळ साडेतीन टन नुसते तळाच्या कण्यात भरलेले. घाटातून येणारे ट्रक तुम्ही रोज पाहता. उंच रचलेला माल घेऊन वळणावर आलेला ट्रक कसा कलंडतो? तोच खाली लोखंड भरलेला असेल तर जमिनीला धरून राहतो. नौकेच्या तळातलं वजन तेच काम करतं. लाटेने आडवं पाडलं तरी ते तिला पुन्हा उभं करतं.

आता प्रत्यक्ष काय झालं ते पाहा. १ जुलै २०१८ला शर्यत सुटली. कागदावर मंद वाटणारी थुरिया तिसऱ्या क्रमांकावर होती! मग २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात ती उलटली, डोलकाठी मोडली आणि टॉमींच्या पाठीच्या मणक्याला जबर दुखापत झाली. हालता येईना. तीन दिवसांनी 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवलं. त्या शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक रस्लर ३६ नौकांनीच पटकावले.

झालं तर मग, थुरिया वाईट! असं म्हणायची घाई करू नका. शर्यत जिंकणाऱ्या ज्याँ-लुक व्हान डेन हीड यांची रस्लरही नोव्हेंबरमध्ये एका लाटेने जवळजवळ पालथी केली होती. तिच्या डोलकाठीला इजा झाली, ती त्यांनी वर चढून दुरुस्त केली आणि मगच पुढे गेले. तसली लाट नौकेची जात विचारत नाही. पण मला विचाराल तर दक्षिणेच्या त्या खवळलेल्या समुद्रासाठी मी रस्लरच निवडेन. वजन खाली, सांधे नाहीत आणि सांभाळायला काठी एकच.

टॉमींनीही पुढच्या खेपेला रस्लर ३६ घेतली. मणक्यात धातूच्या सळ्या बसवलेला हा माणूस 'बायानत' नावाची ती नौका घेऊन ४ सप्टेंबर २०२२ला पुन्हा निघाला! वाटेत वाऱ्यावर आपोआप चालणारं सुकाणू मोडलं. सुटे भाग संपले, तेव्हा टॉमींनी संडासाचं दार कापून त्यातून भाग तयार केला. (घरी हा प्रयोग नको!) २३६ दिवसांनी, २९ एप्रिल २०२३ला ते दुसरे आले. दोनच दिवस आधी दक्षिण आफ्रिकेच्या किर्स्टन नॉयशेफर पहिल्या आल्या होत्या, तिसऱ्याच जातीच्या, ३६ फुटी नौकेतून.

तेव्हा नौका बघायला गेलात तर रंग आणि गाद्या नंतर बघा. आधी विचारा, तळात वजन किती? एकट्याला शीड उतरवता येईल का? सुकाणू मोडलं तर दुरुस्त कोण करणार? आणि ती ठेवणार कुठे? या दोन्ही नौका पाण्याखाली साडेपाच फूट खोल जातात. देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी वाळूचे दांडे आहेत. ओहोटीच्या वेळी तिथे आपल्या मच्छीमाराची उथळ होडी सुळकन निघून जाईल आणि जग फिरून आलेली नौका भरतीची वाट बघत बाहेर थांबेल.