पाहुणा मासा

गळ टाकून मासा धरणे हा कित्येक देशांत पोटाचा उद्योग नसून मौजेचा खेळ आहे. अमेरिकेतल्या अशा शौकिनांचा लाडका मासा म्हणजे लार्जमाउथ बास. नावाप्रमाणेच त्याचा जबडा इतका मोठा की त्याची कड डोळ्याच्याही मागे जाते. पाणवनस्पतींच्या आडोशाला तो दबा धरून बसतो आणि लहान मासा, बेडूक, प्रसंगी बदकाचे पिल्लूसुद्धा गिळतो. गळाला लागला की पाण्याबाहेर उसळ्या मारून झुंज देतो. १९३२ साली जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी याने २२ पौंड ४ औंस वजनाचा बास पकडला. त्या विक्रमाशी बरोबरी व्हायला २००९ साल उजाडावे लागले, आणि तीही झाली जपानच्या बिवा सरोवरात!

अमेरिकेचा मासा जपानात आला कोठून? १९२५ साली तो हौसेने आणून आशी सरोवरात सोडला गेला. पुढे तो देशभर पसरला, आणि अखेर २००५ पासून तो पाळणे, वाहून नेणे व पाण्यात सोडणे यांवर कायद्याने बंदी आली. ग्वाटेमालातील आतित्लान सरोवरात १९६० च्या सुमारास पर्यटकांना गळाचा खेळ मिळावा म्हणून हाच मासा सोडण्यात आला. जगात अन्यत्र कोठेही नसलेला, उडू न शकणारा 'पोक' हा पाणपक्षी तेथे राहत असे. बासने त्याचे खाद्य आणि त्याची पिल्ले फस्त केली. भूकंप, लव्हाळ्यांची तोड अशी इतर कारणेही घडली, आणि तो पक्षी जगातून नाहीसा झाला.

यात बासचा दोष नाही. तो आपला स्वभावधर्म पाळतो. दोष त्याला उचलून नेणाऱ्या हातांचा आहे.

यावर कोणी म्हणेल, परदेशी मासा नको, देशी सोडा. मराठी आणि कन्नड विभाग एकत्र असलेल्या या अंकात म्हणूनच एक घरचे उदाहरण सांगणे अगत्याचे वाटते. कर्नल साइक्स याने १८३९ साली पुण्याजवळच्या नदीतील ज्या महसीर माशाचे वर्णन केले, त्याची पैदास लोणावळ्यास टाटांच्या केंद्रात १९७० नंतरच्या दशकात सुरू झाली. हेतू चांगलाच होता. दुर्मिळ होत चाललेला मासा वाचवावयाचा होता. त्याची पिल्ले कर्नाटकात कावेरीतही सोडली गेली. परंतु कावेरीला स्वतःचा महसीर होता, पाठीवर कुबड असलेला, आकाराने कितीतरी मोठा. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इन्गेन यांनी कावेरीची उपनदी कबिनी हिच्यात धरलेला महसीर १२० पौंडांचा होता! १९९८ ते २०१२ या काळातील गळाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पाहुण्या महसीराची संख्या वाढत गेलेली आणि मूळच्या महसीराची घटत गेलेली दिसली. सुरुंग लावून केलेली मासेमारी, धरणे, वाळूउपसा ही कारणे आहेतच. पण पाहुण्याचा वाटा नाकारता येत नाही. २०१८ साली या कुबडवाल्या माशाची शास्त्रीय ओळख निश्चित झाली, आणि त्याच वर्षी तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर असल्याचेही जाहीर झाले.

आता आपल्या दमणगंगेकडे वळू. सह्याद्रीत उगम पावून ही नदी दादरा नगर हवेलीतून दमणच्या समुद्रास मिळते. सिल्वासा आणि सामरवरणीच्या परिसराची हीच नदी. वर मधुबनचा जलाशय पसरला आहे. दुधनीला नौकाविहारासाठी पर्यटक येतात. एवढे पाणी पाहून 'येथे खेळाचा एखादा मोठा मासा सोडला तर काय बहार येईल' असे कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. माझे मत असे की, तो मोह टाळावा. पावसाळ्यात ओढ्या-नाल्यांत चढणारे लहान मासे हे वारली, कोकणा आदिवासींच्या घरचे कालवण आहे. मोठा शिकारी मासा आधी ह्यांच्याच वाट्यावर तोंड मारील. मौज पाहुण्यांची व्हायची आणि ताट रिकामे गरिबाचे व्हायचे, हा कोठला न्याय?

मत्स्यशेती करूच नये, असे मला म्हणावयाचे नाही. रोहू, कटला हेही मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. त्यांनी अनेकांची पोटे भरली आहेत. परंतु बांधलेले तळे निराळे आणि वाहती नदी निराळी. तळे उपसता येते. नदीत सोडलेला मासा परत बोलावता येत नाही. घरच्या काचपेटीतील मासे कंटाळा आला म्हणून भूतदयेने नदीत सोडणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या नदीत आज कोणकोणते मासे आहेत, याची यादी आपल्यापैकी किती जणांना देता येईल? प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी या पावसाळ्यात काठावरच्या पाड्यांत जाऊन, जाळे टाकणाऱ्या म्हाताऱ्यांकडून माशांची वारली नावे, त्यांचा हंगाम आणि अंडी घालण्याच्या जागा लिहून घ्याव्यात. कोणताही नवा मासा सोडण्यापूर्वी ही वही हाताशी असली पाहिजे.