ताट कुणाचं, दोष कुणाला?

गेल्या हिवाळ्यात नाशिकच्या एका वस्तीत गरोदर बायांसाठी आहारावर व्याख्यान होतं. बाया जमवायचं काम माझ्याकडे. वक्ते शिकलेले, तळमळीचे. पडद्यावर चित्रं दाखवत त्यांनी सांगितलं, आई नऊ महिन्यांत जे खाते ते बाळाच्या जनुकांवर कायमचं लिहिलं जातं. तुमच्या मुलाला चाळिशीत मधुमेह होणार की नाही, ते आज तुमच्या ताटात ठरतंय. व्याख्यान संपलं, चहा आला. मागे बसलेल्या एकीने मला हळूच विचारलं, "मंग ताई, माझं थोरलं पावणेदोन किलोचं झालं, सारखं आजारी ऱ्हातं, ते माझ्याच खाण्यामुळं ना?" शेजारी तिची सासू होती. तिने "तेच तर" म्हणून मान हलवली.

ही बाई मूळची सुरगाण्याची. थोरल्याच्या वेळी सातव्या महिन्यापर्यंत ती दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत विरळणीला जात होती. दिवसभर मांडवाखाली उभी, हात वर. सकाळी कोरा चहा, दुपारी भाकरी आणि ठेचा, रात्री सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरेल ते. यातलं काहीच पडद्यावर नव्हतं. तिथे 'मातेचा आहार' एवढंच लिहिलेलं होतं. मी समाजकार्यात एम.ए. केलेली बाई, पण मला त्या वेळी तिला धड उत्तर देता आलं नाही. ते आता देते आहे.

आधी शास्त्र काय म्हणतं ते बघू, कारण शास्त्र खोटं नाही. जनुकं हा आईबापांकडून आलेला मजकूर. खाण्यापिण्याने तो बदलत नाही. पण त्यातलं कुठलं पान उघडायचं आणि कुठलं मिटून ठेवायचं, यासाठी शरीर त्यावर बारीक रासायनिक खुणा करतं. या खुणांच्या अभ्यासाला एपिजेनेटिक्स म्हणतात. त्यातली एक महत्त्वाची खूण मिथाइलची. ती करायला लागणारा माल अन्नातून येतो: पालेभाज्यांतलं फोलेट, दूध-अंडी-मासे-मटणातलं ब-१२ जीवनसत्त्व, प्रथिनं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन फौजांनी नाकेबंदी केली आणि हॉलंडच्या पश्चिम भागात दुष्काळ पडला. त्या काळात गर्भात असलेल्यांच्या रक्तातल्या या खुणा साठ वर्षांनंतर तपासल्या, तेव्हा वाढीशी संबंधित एका जनुकावर त्या कमी सापडल्या. हा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. पण त्यातला एक तपशील व्याख्यानांत कुणी सांगत नाही. फरक दिसला तो गर्भ राहण्याच्या सुमाराला उपासमार झालेल्यांत. ज्यांच्या आया शेवटच्या महिन्यांत उपाशी होत्या, त्यांच्यात तो दिसला नाही. गांबियातल्या अभ्यासातही, गर्भ पावसाळ्यात राहिला की कोरड्या हंगामात, यावरून मुलांच्या खुणांत फरक आढळला.

म्हणजे कळीची वेळ कुठली? पाळी चुकल्याचं बाईला कळायच्या आधीची. डोहाळजेवणाला वाढलेले पाच पक्वान्नांचे घास तिथपर्यंत पोचत नाहीत. मग 'नऊ महिने जपा' या उपदेशाचं काय करायचं?

आपल्याकडचा पुरावा तर याहून बोलका आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांतल्या बायांचा अभ्यास केला. गर्भ राहायच्या आधी या बायांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास, बाळांचं २.७ किलोच्या आसपास. इंग्लंडमधल्या बाळांच्या तुलनेत ही बाळं किडकिडीत, स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानाने टिकलेली. दोन तृतीयांश आयांमध्ये ब-१२ कमी होतं. ज्या आयांचं फोलेट जास्त आणि ब-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यांत जास्त निघालं. अंगणवाडीतून फॉलिकच्या गोळ्या जातात, त्या जायलाच हव्यात. पण दूध-अंडं कुठून येणार, हे गोळी देणारा विचारत नाही.

याच खेड्यांत आणखी एक गोष्ट मोजली गेली: बाईचे कष्ट. शेतातलं काम, पाणी भरणं, घरातली कामं. जितके कष्ट जास्त, तितकं बाळ लहान. मला विचाराल तर या सगळ्या संशोधनातला हा सर्वांत स्फोटक निष्कर्ष आहे, आणि तोच सर्वांत कमी ऐकू येतो. 'पालक खा' असं भित्तीपत्रक छापता येतं. 'तिचा हंडा नवऱ्याने उचलावा' किंवा 'गरोदर मजुरणीला भरपगारी रजा द्या' असं छापायला कुणी धजत नाही.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत झालेल्या प्रयोगात बायांना गर्भ राहण्याआधीपासून पालेभाजी, फळं आणि दुधाचा रोजचा खाऊ दिला. एकूण सगळ्या बाळांच्या वजनात ठळक फरक पडला नाही. ज्यांनी गर्भ राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून खाल्लं, त्यांच्या बाळांचं वजन थोडं वाढलं. शिवाय खाऊ मिळालेल्या बायांत गरोदरपणातला मधुमेह बराच कमी झाला. पुण्याच्या चमूनेही २०१२ पासून त्याच खेड्यांतल्या वयात आलेल्या मुलामुलींना ब-१२ द्यायला सुरुवात केली. मुलांनाही, हे लक्षात घ्या. बापाच्या आहाराच्या खुणा बीजावर उमटतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. पण बापांसाठी व्याख्यान ठेवल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

माणसांत खुणा सापडल्या, तरी अमक्याचा मधुमेह अमक्या खुणेमुळेच झाला, असं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. हे माहीत असूनही आईच्या माथी 'कायमचं' हा शब्द मारला जातो. पूर्वी म्हणायचे, बाई अपशकुनी. मग म्हणू लागले, अडाणी. आता तिच्या दोषाला जनुकांचा दाखला मिळाला. आणि हजारो रुपये घेऊन भरणारे गर्भसंस्काराचे वर्ग हीच भाषा उचलून सुखवस्तू बायांच्या मनात तीच भीती पेरतात.

सरकार काय करतं? आदिवासी भागात २०१५ साली अमृत आहार योजना आली. एक वेळचं गरम जेवण ही चांगलीच गोष्ट, पण ती सुरू झाली तेव्हा शेवटच्या तिमाहीपासून. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला ५००० रुपये. दुसऱ्या वेळी मदत मिळते ती मुलगी झाली तरच. मुलगा झाला तर आईला भूक लागत नाही, असा बहुधा हिशेब असावा. शाळेतल्या पोषण आहारात २०२३ च्या नोव्हेंबरात अंडं आलं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचे पैसे बंद केले. हवं तर लोकवर्गणी काढा म्हणाले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बाया रक्तक्षयी निघाल्या. तरी अंडं परवडत नाही.

आपल्या चळवळीतल्या मैत्रिणींशीही माझं भांडण आहे. 'मुलीला खाऊ घाला, ती उद्याची आई आहे' ही घोषणा आपणही दिली, मीही दिली. सोपी पडते, सासूलाही पटते. पण ती देताना आपण मान्य करतो की पोरीचं पोट भरायचं ते तिच्या गर्भाशयासाठी. जी आई होणार नाही, जिला मूल नको आहे, जी पन्नाशीची आहे, तिच्या भुकेचं काय? पोरीला अंडं मिळावं कारण तिला भूक लागते.

पंधरवड्याने मी सुरगाण्याच्या त्या बाईकडे गेले. सासूला समोर बसवून म्हटलं, पोरगं लहान झालं ते सातव्या महिन्यापर्यंतची विरळणी, शेवटी उरलेली भाकरी आणि तुमच्या सुनेच्या लहानपणापासूनची उपासमार, या सगळ्यांचं मिळून. सासू बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आमीबी तसंच खाल्लं." सून तिच्याकडे बघत राहिली. निघताना सुनेने विचारलं, धाकट्या नणंदेचं नाव अंगणवाडीत लागेल का? चौदा पूर्ण झालीत, शाळा सुटली आहे, तीही बागेत जाते. अंगणवाडीत चौकशी केली. शाळा सुटलेल्या मुलींची जुनी योजना २०२२ मध्ये बदलली. आता चौदा ते अठरा वर्षांच्या मुलींसाठी आहे, पण महाराष्ट्रात ती फक्त आकांक्षित म्हणून निवडलेल्या चार जिल्ह्यांत. नाशिक त्यात नाही. सेविकेने रजिस्टर उघडून दाखवलं: गरोदर, स्तनदा, बालकं. "हिचं नाव कुठं लिहू ताई?" ती म्हणाली.