वाटण एकाच भांड्यात

वरळी कोळीवाड्यातल्या जेवणाचा विषय निघाला की बोलणं मासळीपाशी सुरू होतं आणि मासळीपाशीच संपतं. पापलेट, बोंबील, मांदेली, चिंबोऱ्या यांच्यावर लेख येतात, महोत्सव भरतात, लांबून लोक येतात. त्याच ताटात कालवणाच्या शेजारी भाजी असते, तिच्याविषयी मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. आजचा स्तंभ त्या भाजीसाठी आहे. ज्या जेवणात एक पदार्थ वाटणाचा, मसाल्याचा आणि मानाचा असतो, त्यात बाजूची भाजी साधीच हवी, असं माझं ठाम मत आहे. ती साधी असली तरच रोज पुरेशी खाल्ली जाते. मुंबईतल्या कितीतरी मराठी घरांनी हल्ली नेमकी उलटी वाट धरली आहे. कांदा, टोमॅटो, आलं, लसूण यांचं एकच वाटण परतायचं आणि त्यात आज फ्लॉवर, उद्या दुधी, परवा मटार सोडायचा. आठवडाभर भाज्या बदलतात, चव तीच राहते. मग मुलं भाजी खात नाहीत म्हणून घरोघरी तक्रार होते.

मुद्दा चवीच्या आधी मापाचा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. दोन हजार उष्मांकांच्या दिवसभराच्या आहारात त्यांनी पालेभाज्या धरून ४०० ग्रॅम भाजी सांगितली आहे आणि तेल-तूप सगळं मिळून २७ ग्रॅम, म्हणजे साधारण सहा लहान चमचे. चार माणसांच्या घराचा हिशोब करून पाहा. दिवसाला दीड किलोच्या वर भाजी लागते. प्रत्यक्षात चौघांच्या घरी अर्धा किलो फरसबी आणली की आपल्याला पुरेशी वाटते. दीड किलो भाजी एका भांड्यात, एका चवीची, कोणी खाऊ शकणार नाही. तिच्या दोन-तीन भाज्या आणि एखादी कोशिंबीरच व्हायला हवी. दोन-तीन भाज्या प्रत्येकी वाटण घालून, तेल सुटेपर्यंत परतून करायच्या म्हटल्या तर अर्धा दिवस जाईल आणि चौघांच्या वाट्याचं दिवसाचं बरंचसं तेल या कढयांतच संपेल. रश्श्याच्या भाजीत वाटीभर रस्सा आणि चार फोडी असतात, हेही लक्षात घ्यायला हवं. वाटी भरते, भाजी पोटात जात नाही. साधेपणाचा आग्रह मी चवीच्या आवडीनिवडीतून धरत नाही, या गणितातून धरते.

साधी भाजी म्हणजे नुसती उकडलेली भाजी, असा समज असेल तर तो आधी सोडून द्यावा. आपल्याकडे त्यासाठी पक्की रीत आहे आणि ती विज्ञानाच्या कसोटीवर उतरणारी आहे. फोडणीत भाजी टाकायची, वर खोलगट ताटली झाकायची आणि त्या ताटलीत पाणी ओतायचं. खालून वाफ वर जाते, थंड ताटलीला लागून तिचं पाणी होतं आणि ते पुन्हा भाजीवर पडतं. भाजी अंगच्या पाण्यात शिजते, करपत नाही, आणि तिचा रस ओतून द्यावा लागत नाही. 'क' जीवनसत्त्व पाण्यात सहज विरघळतं, त्यामुळे भाजी भरपूर पाण्यात उकडून ते पाणी फेकण्यात किती नुकसान आहे हे वेगळं सांगायला नको. मधेच कोरडं वाटलं तर ताटलीतलं तापलेलं पाणी भाजीत घालता येतं; गार पाणी घातलं की शिजणं थांबतं, तो प्रश्नच येत नाही. दुधी, पडवळ, दोडका, कोबी यांच्या वजनात शंभरातले नव्वदहून अधिक भाग पाणी असतं, त्यांना वरून थेंबही लागत नाही. गवारीत पाणी कमी, धागा जास्त, म्हणून तिला अर्धी वाटी पाणी द्यावं लागतं. भेंडीला झाकणच नको, कारण वाफेने तिची तार वाढते. धुऊन, कोरडी पुसून मगच चिरावी आणि दोन आमसुलं टाकून उघडी परतावी. पालेभाजीही उघडीच बरी. हिरव्या पानातलं हरितद्रव्य आम्लात तापलं की काळपट पडतं. पाला शिजताना त्यातली काही आम्लं वाफेबरोबर निघून जातात, झाकण लावलं तर ती परत पाल्यातच उतरतात. पाला आळून पावपट होतो, म्हणून मीठ शेवटी. कढईभर कच्चा पाला बघून आधीच मीठ घातलं की भाजी खारट झालीच. भेंडी सोडली तर आंबटही शेवटीच घालावं. भाजीच्या पेशींना सांधून ठेवणारं पेक्टिन आम्लात लवकर सुटत नाही, त्यामुळे चिंच, आमसूल किंवा टोमॅटो आधी पडला तर बटाटा आणि गवार कितीही वेळ ठेवा, दाताखाली कडकच लागतात. भाजीला वेळ लागतो म्हणून कुरकुर करणाऱ्या घरांत पुष्कळदा टोमॅटोचं वाटणच त्या वेळाचं कारण असतं.

आता कोळीवाड्याकडे वळू. 'आमच्या ताटात मासळी आहे, भाजीचं आम्हाला कशाला सांगता' असं तिथलं कोणी म्हणालं तर त्यांना मी सांगेन की हे शिकवायला आलेले नाही, तुमच्याच चुलीवरून शिकलेलं बाकीच्या मुंबईला सांगते आहे. कोळी महिलेचा दिवस पहाटे ससून डॉकवर किंवा भाऊच्या धक्क्यावर सुरू होतो. माल उचलायचा, बाजारात नेऊन विकायचा आणि मग घरचं रांधायचं. मसाला कालवणाला लागतो, वेळही त्यालाच द्यावा लागतो. भाजीने तांदळाची भाकरी होईपर्यंत तयार व्हायला हवं. तिथल्या स्वयंपाकाची खरी हुशारी सुक्या मासळीत दिसते. राज्यात १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक बोटींना समुद्र बंद असतो, कारण तो माशांच्या प्रजननाचा काळ आणि वाऱ्या-पावसाचाही. त्या दिवसांसाठी उन्हात वाळवलेला जवळा, सोडे, बोंबील डब्यात असतात. मूठभर जवळा कोरडा भाजायचा, पाण्यातून काढायचा, ठेचलेल्या लसणावर कांद्याबरोबर परतायचा आणि त्यात अर्धा किलो वांग्याच्या फोडी सोडायच्या. हळद, तिखट, झाकण, शेवटी आमसूल. यात भाजी अर्धा किलो आणि मासळी एक मूठ. मासळी इथे मिठासारखी, चव आणण्यापुरती आहे, पोट भरतं ते वांग्याने. शेवग्याच्या शेंगा, वालाच्या शेंगा, दुधी, बटाटा अशीच शिजतात. ना खोबऱ्याचं वाटण, ना टोमॅटो. वाळलेल्या मासळीत मुळातच इतकी गाढ चव असते की वाटणाने मिळणारी सगळी खोली तीच देते. थोड्या चवदार जिनसेने भरपूर भाजी खायला लावण्याचा याहून चांगला धडा मला दुसऱ्या कुठल्या स्वयंपाकात दिसलेला नाही.

काप हा तिथलाच, खरं तर साऱ्या किनाऱ्याचा दुसरा धडा. वांगं, सुरण, कच्चं केळं, नीरफणस यांच्या चकत्यांना हळद, तिखट, मीठ चोळायचं, तांदळाच्या पिठात घोळवायच्या आणि तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी भाजायच्या. मासळीच्या तुकडीला जे करतो तेच, त्याच तव्यावर. मासळी न खाण्याच्या वारी ताट सुनं वाटू नये याची सोय यात आहे. सुरण मात्र आमसुलाच्या किंवा चिंचेच्या पाण्यात आधी वाफवून घ्यावं, कारण त्यातल्या ऑक्झलेटच्या सुया घशाला खाजतात. पावसाळ्यात दादरच्या बाजारात आदिवासी बायका टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, कंटोळी घेऊन बसतात. या रानभाज्यांना कांदा, लसूण, मिरची यापलीकडे काही घालणं म्हणजे त्यांची चव मारणं. अपवाद शेवळांचा: त्यांची खाज काकड या रानफळांनी किंवा चिंचेने मारावीच लागते, तिथे सोपेपणाचा हट्ट धरू नये.

या सगळ्यावर घेतले जाणारे आक्षेप मला ठाऊक आहेत आणि ते पोकळ नाहीत. पहिला असा की साधी भाजी ही नाइलाजाची भाजी आहे. लालबाग-परळच्या गिरण्यांच्या काळात एकेका खोलीत डझनावारी कामगारांचं जेवण रांधणाऱ्या खाणावळवाल्या बायका होत्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्यांच्या भाजीत काजू-खोबरं नसायचं ते परवडत नव्हतं म्हणून, हे खरंच आहे. हलाखीला कोणी गोड रूप देऊ नये. पण हात आखडता असताना कमावलेलं कसब ऐपत आल्यावर टाकून द्यायचं कारण नाही. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० मध्ये आलं आणि वाटी-चमच्याच्या मापाने मध्यमवर्गीय घरांत पोचलं. त्यातल्या रोजच्या भाज्याही फोडणी, गूळ, कूट, ओलं खोबरं यांच्यावरच उभ्या आहेत. तिथे नाइलाज नव्हता.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. मुंबईत येणारी भाजी दोन-तीन दिवसांची, दमलेली असते. तिला स्वतःची चव उरलेली नसते, मग मसाला नको तर काय करायचं? इथे मी अर्धं पाऊल मागे घेते. दमलेला फ्लॉवर नुसत्या मोहरीच्या फोडणीवर तरणार नाही. पण त्यालाही उत्तर वाटण नव्हे, जाळ आहे. लोखंडी तव्यावर मोठ्या आचेवर, गर्दी न करता, फोडींना डाग पडेपर्यंत भाजला की त्यातली साखर खरपूस होते आणि चव परत येते. वर भरडलेले धणे-जिरे पुरतात. बाकी मोसम पाहून घ्यावं. वसईकडून सकाळी येणारी पालेभाजी आणि शीतगृहातून आलेला बिनमोसमी मटार यांत निवड करायला स्वयंपाकाचं ज्ञान लागत नाही.

तिसरं म्हणणं तब्येतीचं: इतका साधेपणा हवा तर कच्चं सॅलडच खावं, तेल तरी कशाला? कोशिंबीर जरूर करावी, काकडी-मुळ्याला मीठ वाढताना लावावं म्हणजे पाणी सुटत नाही. पण लाल भोपळा, गाजर, पालक यांतलं कॅरोटीन शरीराला घेता यायला थोडं स्निग्ध लागतं आणि शिजवल्याने ते अधिक मोकळं होतं. फोडणीचे दोन चमचे तेल वाया जात नाही. आणि मुलांचं म्हणाल, तर नवी चव अंगवळणी पडायला आठ-दहा वेळा चाखावी लागते, असं बालआहाराचे अभ्यास सांगतात. रोज तेच वाटण घातलं तर मुलाला दुधीची ओळख आठदा काय, एकदाही होत नाही. त्याला फक्त वाटण ओळखीचं होतं.

कोळीवाड्यासाठी हा विषय येत्या काळात आणखी महत्त्वाचा होणार आहे. कोस्टल रोडच्या पुलाखालून होड्या सुखरूप जाव्यात म्हणून खांबांमधलं अंतर ६० मीटरवरून १२० मीटर करून घ्यायला वरळीच्या मच्छीमारांना मोठा लढा द्यावा लागला. समुद्रात जायची वाटच ज्यांना भांडून मिळवावी लागते, त्यांच्या ताटात रोज ताजी मासळी असेल हे गृहीत धरता येत नाही. मूठभर जवळ्यावर अर्धा किलो भाजी शिजवण्याची त्यांची विद्या त्यांच्या मुलांनी विसरू नये आणि बाकीच्यांनी ती मागून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

या रविवारी मासळी आणाल तेव्हा वाटण फक्त कालवणात घाला. शेजारी अर्धा किलो लाल भोपळा करा: दोन चमचे तेल, मोहरी, पाव चमचा मेथीदाणे, दोन सुक्या मिरच्या, मोठ्या फोडी, वर पाण्याची ताटली, मंद आचेवर दहा-बारा मिनिटं. मीठ आणि ओलं खोबरं उतरवताना घाला. भोपळा चांगला धुऊन घ्या आणि साल काढू नका, फोडी त्यानेच अखंड राहतात.